घरात पाळणा हलणार असेल, तर कुत्रा कोणता आणावा?



वस्तीतल्या आरोग्य बैठकांत हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. नवीन जोडपे असते, दोघेही कमावते असतात. एक-दोन वर्षांत मूल होऊ द्यायचा विचार असतो आणि त्याआधी घरात कुत्रा आणायची हौस असते. "ताई, लहान मुलांना कोणत्या जातीचा कुत्रा चांगला?" असे विचारतात. मोबाईलमध्ये लॅब्राडॉरचे नाहीतर हस्कीचे फोटो तयारच असतात. शेजारी बसलेल्या सासूबाईंचे म्हणणे वेगळे असते: "गरोदर बाईच्या घरात कुत्रा नकोच. केस पोटात जातात."

दोन्ही बाजूंना थोडे खरे आहे आणि बरेचसे ऐकीव आहे. म्हणून या अंकाच्या आरोग्य पानावर आम्ही हा विषय सविस्तर मांडत आहोत. कुत्रा दहा ते चौदा वर्षे जगतो. आज आणलेले पिल्लू तुमचे मूल सातवी-आठवीत जाईपर्यंत घरात असणार आहे. एवढ्या मोठ्या मुदतीचा निर्णय फोटो पाहून घेऊ नये.

आधी 'जात' या शब्दाविषयी

आपल्या बोलीत कुत्र्याचीही 'जात' विचारतात. आपल्या माणसाला हा शब्द टोचतो आणि टोचणारच. म्हणून या लेखात आम्ही 'ब्रीड' हा शब्द वापरतो. त्यामागचा फरक मुलांनाही समजावून सांगावा असा आहे. कुत्र्यांची ब्रीड माणसाने मुद्दाम घडवली आहेत. कुणी शिकारीसाठी, कुणी मेंढ्या राखण्यासाठी, कुणी नुसते मांडीवर बसवण्यासाठी, ठरावीक नर-मादी पिढ्यान् पिढ्या एकत्र आणून ती तयार केली. लॅब्राडॉर आणि पग यांच्या शरीरात दिसणारा फरक त्यातून आला. माणसांच्या जातींत असा काही फरक नाही. रक्ताच्या शुद्धतेसाठी जात हवी, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात खोडून काढला आहे.

आणखी एक गोष्ट. कुत्र्यांमध्येसुद्धा 'शुद्ध' राखण्याचा हट्ट महागात पडला आहे. जवळच्या नात्यातच संकर होत गेल्याने कित्येक ब्रीडना जन्मजात दुखणी लागली. पगचे नाक इतके चपटे केले की त्याला धड श्वास घेता येत नाही. अल्सेशियन आणि लॅब्राडॉर यांना खुब्याच्या सांध्याचा त्रास होतो. म्हणून "प्युअर आहे, पेपर आहेत" या शब्दांवर भाळून कर्ज काढू नका. बाजारात विकली जाणारी पुष्कळ पिल्ले पिंजऱ्यात ठेवलेल्या माद्यांची असतात. त्या माद्यांना विश्रांती न देता पुन्हा पुन्हा पिल्ले घ्यायला लावतात. आपला पैसा त्या धंद्याला जायला नको.

वस्तीतल्या जुन्या माणसांच्या मनात याहून खोल सल आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपले लोक चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्या तळ्यावर जनावरांना पाणी प्यायला बंदी नव्हती, माणसांना होती. आजही शहरात काही घरमालक भाडेकरूच्या कुत्र्याला चालवून घेतात आणि आडनाव ऐकून खोली नाकारतात. त्यामुळे "कुत्र्याचे एवढे लाड कशाला?" असे एखादे आजोबा म्हणाले तर त्यांना हसू नका. त्यांची जखम खरी आहे. पण तो अपमान माणसांनी केला, कुत्र्याने नव्हे. पंचशीलातले पहिले शील प्राणिमात्राला इजा न करण्याचे आहे. माणसाचा मान आणि मुक्या जिवावरची करुणा या दोन गोष्टी आपल्या धम्मात एकमेकींच्या आड येत नाहीत.

कुत्रा बघण्याआधी घर बघा

ब्रीड ठरवण्याआधी नवरा-बायकोने एकत्र बसून पुढचे पाच प्रश्न सोडवावेत. उत्तरे वहीत लिहावीत.

१. जागा किती आहे? दहा बाय बाराच्या खोलीत चार माणसे, एक गॅस, एक कपाट आणि उद्या एक पाळणा. यात तीस किलोचा कुत्रा कुठे झोपणार? वर पत्रा असेल तर एप्रिल-मे महिन्यात दुपारी आत किती तापते, ते तुम्हाला माहीतच आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच अंग थंड करतो.

२. वेळ कुणाकडे आहे? कुत्र्याला दिवसातून किमान दोनदा बाहेर न्यावे लागते. दोघेही सकाळी आठला बाहेर पडून रात्री आठला येत असाल, तर कुत्रा बारा तास कोंडलेला राहील. कोंडलेला कुत्रा भुंकतो, वस्तू कुरतडतो, चिडका होतो.

३. दरमहा खर्च किती? खाणे, दरवर्षीच्या लसी, जंताचे औषध, गोचिडांचे औषध आणि अचानक आलेले आजारपण, हे सगळे धरा. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन दर विचारून या. बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशाला हात लागत असेल, तर सध्या थांबा.

४. काम कोण करणार? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. हौस नवऱ्याची आणि शी-शू काढणार बायको, असे आम्ही घरोघरी पाहतो. तिला आठवा महिना लागल्यावर आणि बाळंतपणानंतर निदान तीन महिने कुत्र्याचे एकही काम तिच्या अंगावर पडणार नाही, असे आधीच ठरवा. फिरवणे, आंघोळ, दवाखाना ही कामे कोण करील, त्याचे नाव वहीत लिहा. नाव लिहिता येत नसेल, तर कुत्रा आणू नका.

५. घर कायमचे आहे का? पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. मागे कुत्रा कुणाकडे? खोली भाड्याची असेल तर मालकाला चालते का? वस्तीचे पुनर्वसन होणार असेल तर संक्रमण शिबिरात कुत्र्याला नेता येईल का? नंतर कुत्रा रस्त्यावर सोडून देण्याची पाळी येऊ नये. माणसाच्या सवयीचा झालेला कुत्रा रस्त्यावर फार दिवस टिकत नाही.

दोघांपैकी कुणाला दमा किंवा ॲलर्जी असेल, तर आधी कुत्रा असलेल्या नातेवाइकांच्या घरी चार-पाच वेळा जाऊन दोन-दोन तास बसून पाहा. ॲलर्जी फक्त केसांमुळे होत नाही. कुत्र्याची लाळ आणि त्वचेचा कोंडा यांमुळेही होते. त्यामुळे "केस गळत नाहीत, काही होणार नाही" हे विकणाऱ्याचे बोलणे खरे धरू नका.

आणायचा केव्हा?

पिल्लाला जागेची शिस्त लागायला, दात येऊन चावरेपणा कमी व्हायला आणि सगळ्या लसी पूर्ण व्हायला आठ-दहा महिने ते वर्ष जाते. म्हणून दोन वेळा योग्य. एक, मूल व्हायच्या निदान वर्षभर आधी. दुसरी, मूल तीन-चार वर्षांचे होऊन सांगितलेले समजू लागल्यावर.

गरोदरपणात किंवा बाळ सहा महिन्यांचे असताना पिल्लू आणणे म्हणजे दोन तान्ही एकदम सांभाळणे. आई रात्री दोनदा बाळासाठी उठेल आणि दोनदा पिल्लासाठी. बाळंतिणीची झोप हे औषध आहे. ते तिच्याकडून काढून घेऊ नका.

कोणते ब्रीड कसे?

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. कोणतेही ब्रीड "मुलांना कधीच चावत नाही" असे नसते. पिल्लाचे संगोपन, त्याला मिळालेली वागणूक आणि त्याचा स्वतःचा स्वभाव, यांवर पुष्कळ अवलंबून असते. ब्रीडवरून आकार, ताकद, अंगातली रग आणि हवामान सोसण्याची क्षमता यांचा अंदाज बांधता येतो. निवड करताना तेवढाच त्याचा उपयोग.

लॅब्राडॉर: स्वभाव साधारणपणे मनमिळाऊ, शिकवायला सोपा. मुलांच्या घरासाठी त्याचे नाव घेतात, ते उगीच नाही. पण पूर्ण वाढलेला लॅब्राडॉर पंचवीस ते पस्तीस किलोचा असतो. खाणे भरपूर आणि केसही भरपूर गळतात. रोज तासभर पळायला हवे, नाहीतर लठ्ठ होतो. आनंदाने अंगावर झेपावला तरी गरोदर बाई पडू शकते. अंगण असलेल्या घराला ठीक, एका खोलीच्या घराला नाही.

अल्सेशियन, डॉबरमन, रॉटवायलर: ताकदवान आणि राखणीचे कुत्रे. त्यांना रोजचा व्यायाम आणि जाणकार माणसाकडून शिक्षण लागते. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या आणि मूल होऊ घातलेल्या जोडप्याने या वाटेला जाऊ नये. असा कुत्रा एकदा चावला तरी जखम मोठी होते.

पॉमेरियन: आपल्याकडे या नावाने विकतात ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात. आकाराने लहान, खाणे कमी, खोलीत मावतात. पण भुंकतात फार. चाळीत भिंतीला भिंत लागून असते, बाळ झोपले की हे उठवणार. रांगत्या मुलाने केस ओढले तर चटकन दात लावतात. केस रोज विंचरावे लागतात.

पग आणि शिट्झू: स्वभावाने चांगले, पण नाक चपटे असल्याने उन्हाळ्यात दम लागतो. पत्र्याच्या खोलीत त्यांचे हाल होतात आणि दवाखान्याचा खर्च वाढतो.

हस्की आणि सेंट बर्नार्ड: हे बर्फाच्या प्रदेशातले प्राणी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांना पंख्याखाली ठेवणे ही हिंसाच आहे. फोटो कितीही सुंदर असोत, आणू नका.

कारवान, पश्मी, मुधोळ: हे आपल्या मातीतले शिकारी कुत्रे. कारवान आणि पश्मी मराठवाड्यात लातूरकडे दिसतात, मुधोळ कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला. अंगाने सडपातळ, काटक, ऊन सोसणारे. पण त्यांना पळायला मोकळे रान लागते. गावाकडे शेतावर राहणाऱ्यांनी विचार करावा. शहरातल्या बोळात त्यांना बांधून ठेवू नये.

गावठी कुत्रा: वस्तीतल्या घरासाठी आमची पहिली पसंती हीच. वजन पंधरा ते पंचवीस किलो, आखूड केस, आपल्या हवेची सवय. ठरावीक ब्रीडच्या जन्मजात दुखण्यांपासून बराचसा मोकळा. पिल्लू विकत घ्यावे लागत नाही. तो हुशार असतो आणि घरच्यांना जीव लावतो. मात्र तो अनोळखी माणसाबद्दल सावध असतो. म्हणून लहानपणीच त्याला माणसांची, मुलांची, भांड्यांच्या आणि रिक्षाच्या आवाजांची सवय लावावी लागते. "गावठी" म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एवढेच विचारा, की जन्मावरून किंमत ठरवायची सवय आपण कुणाकडून घेतली?

पिल्लू निवडताना

पिल्लू किमान आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आईपासून तोडू नका. फार लवकर तोडलेले पिल्लू जास्त चावरे आणि भित्रे होण्याचा संभव असतो. आईला पाहा. ती माणसांशी कशी वागते, ते बघा. चार पिल्लांत जे स्वतःहून जवळ येते, हात हुंगते, उचलल्यावर थोडे धडपडून शांत होते, ते घ्या. कोपऱ्यात थरथरणारे किंवा सतत गुरगुरणारे पिल्लू मुलांच्या घरासाठी नको. ज्याला घर हवेच आहे अशा मोठ्या कुत्र्याचाही विचार करा. त्याचा स्वभाव आणि आकार डोळ्यांसमोर असतो, अंदाज बांधावा लागत नाही.

आणल्यावर लगेच पशुवैद्यकाला दाखवा. सहा-आठ आठवड्यांपासून डिस्टेंपर, पार्व्हो आणि लेप्टो यांच्या लसी सुरू होतात. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यायची. पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील त्या तारखांना आणि मग दरवर्षी. लसीचे कार्ड बाळाच्या लसीकरण कार्डाशेजारीच ठेवा. जंताचे औषध पिल्लाला पहिले काही महिने वरचेवर आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी द्यावे. नसबंदी करून घ्या. तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, मुंबईत परळला बैलघोडा हॉस्पिटल आहे. खासगीपेक्षा अशा ठिकाणी खर्च कमी येतो.

गरोदरपणात काय खरे, काय खोटे?

"कुत्र्याचे केस पोटात जाऊन बाळाला चिकटतात": खोटे. बाळ गर्भाशयात असते. आईने गिळलेला केस तिथे पोहोचत नाही.

"कुत्र्यामुळे गर्भपात होतो": यामागे टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूची भीती असते. तो जंतू मांजराच्या विष्ठेतून, कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतून येतो. कुत्र्याच्या विष्ठेतून तो पसरत नाही. गरोदर बाईने मटण नीट शिजवून खावे, भाजी धुऊन घ्यावी, मांजराची घाण काढू नये.

कुत्र्यापासून खरे धोके वेगळे आहेत. पहिला, जंत. कुत्र्याच्या विष्ठेतून गोल जंतांची अंडी मातीत पडतात. काही आठवड्यांनी ती अंडी लागण करण्याजोगी होतात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलली तर धोका बराच टळतो. माती खाणाऱ्या मुलांच्या पोटात ही अंडी गेली तर अळ्या यकृतात, कधी डोळ्यातही पोहोचतात. दुसऱ्या एका जंताच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात, त्यामुळे नागमोडी खाजरी रेघ उठते. उपाय साधे आहेत: कुत्र्याला वेळेवर औषध, मुलांच्या पायात चप्पल, जेवणाआधी साबणाने हात.

दुसरा, कच्चे मटण. मटणाच्या दुकानाबाहेर टाकलेले शेळी-मेंढीचे कच्चे काळीज, फुप्फुस, वजडी कुत्र्याने खाल्ली तर त्याच्या आतड्यात एक बारीक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात किंवा फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. कुत्र्याला द्यायचे ते उकडून द्या. कांदा-लसूण घातलेला रस्सा मात्र देऊ नका, तो कुत्र्याला विषारी ठरतो. चॉकलेट आणि द्राक्षेही नकोत.

तिसरा, गोचीड आणि पिसवा. गोचीड बोटाने चिरडू नका, चिमट्याने ओढून काढा. कुत्र्याच्या अंगाला लावायची गोचिडांची औषधे गरोदर बाईने हाताळू नयेत.

चौथा, पावसाळ्यातला लेप्टो. उंदराच्या मुतामुळे दूषित झालेल्या साचलेल्या पाण्यातून हा रोग माणसाला होतो आणि कुत्र्यालाही. आजारी कुत्र्याच्या मुतातूनही पसरतो. म्हणून कुत्र्याला लेप्टोची लस द्या आणि त्याने घरात शू केली तर ती फिनेल टाकून, हात झाकून पुसा.

आणि पाचवा, पडणे. सातव्या महिन्यानंतर ओढणाऱ्या कुत्र्याचा पट्टा गरोदर बाईच्या हातात देऊ नका.

बाळ घरी आल्यावर

तयारी आधीच सुरू करा. पाळणा महिनाभर आधी टांगा आणि कुत्र्याला त्याच्या जवळ न जायला शिकवा. त्याची झोपायची जागा बदलायची असेल तर बाळंतपणाआधी बदला, म्हणजे बाळ आल्यामुळे आपल्याला हाकलले असे त्याला वाटणार नाही. दवाखान्यातून बाळ घरी येण्याआधी बाळाचे दुपटे आणून कुत्र्याला लांबून हुंगू द्या. पहिल्या दिवशी कुत्रा पट्ट्यात असू द्या आणि शांत राहिला की शाबासकी द्या.

एक नियम कधीही मोडू नका. बाळ आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटे सोडायचे नाही. दोन मिनिटे नळावर जायचे असले तरी नाही. कुत्रा कितीही गुणी असला तरी नाही.

मूल रांगू लागले की खरी परीक्षा. ते शेपूट ओढते, डोळ्यांत बोट घालते, कुत्र्याच्या ताटलीत हात घालते. कुत्रा चावण्याआधी बहुतेक वेळा इशारा देतो. अंग ताठ करतो, मान वळवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, ओठ चाटतो, गुरगुरतो. गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. मार खाऊन तो गुरगुरणे सोडतो आणि पुढच्या वेळी न सांगता चावतो. तेव्हा मुलाला उचला. मोठ्या मुलांना चार गोष्टी शिकवा: खाणाऱ्या, झोपलेल्या, पिल्ले असलेल्या आणि बांधलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही.

चावला किंवा ओरखडला, तर

घरात कुत्रा असो वा नसो, हा भाग प्रत्येकाने वाचावा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर उपचार घेतला तर रोग टळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्या माणसांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुले असतात.

आम्ही इंजेक्शनच्या खोलीत मुलांच्या जखमांवर तिखट, चुना, हळद, तेल, अगदी तंबाखूसुद्धा लावलेली पाहिली आहे. यांतले काहीही लावू नका. करायचे ते असे:

पहिले, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटे धुवा. नळाला पाणी नसेल तर पिंपातले पाणी तांब्याने वरून सतत ओतत राहा. घड्याळ लावून धुवा. विषाणू तिथेच मोठ्या प्रमाणात मरतो.

दुसरे, त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शने नसतात. आता दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. कातडीत द्यायची लस पहिल्या दिवशी, म्हणजे शून्याव्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत देत असतील तर १४ व्या दिवशीही एक डोस असतो. एकही तारीख चुकवू नका.

तिसरे, रक्त आले असेल किंवा उघड्या जखमेवर लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेतच द्यायचे वेगळे सीरम लागते. "सीरम लागेल का?" असे तोंडाने विचारा. ते पहिल्याच दिवशी घ्यावे. नाहीच मिळाले तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत घेता येते. एका ठिकाणी नसेल तर चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात जा, पण लस घ्यायला थांबू नका.

चौथे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस आणि सीरम द्यायचे असते. बाळाच्या भीतीने ते टाळणे हाच मोठा धोका आहे. जखमेला लगेच टाके घालायला सांगू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन विचारून घ्या.

आणि घरातलेच पिल्लू चावले, नुसता ओरखडा आहे, म्हणून गप्प बसू नका. मुले मार बसेल या भीतीने सांगत नाहीत. त्यांना आधीच सांगून ठेवा: सांगितले तर कुणी रागावणार नाही.

घरी शक्य नसेल, तर

पाच प्रश्नांची उत्तरे लिहिल्यावर कित्येक जोडप्यांना वाटेल की आपल्याला आत्ता जमणार नाही. त्यात कमीपणा नाही. गल्लीतले कुत्रे तर आहेतच. 'प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३' प्रमाणे त्यांची नसबंदी आणि लसीकरण करणे ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. गोव्यात कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणामुळे माणसांतला रेबीज जवळजवळ थांबला आहे. आपल्या वस्तीतही विहाराच्या समितीने आणि महिला मंडळाने मिळून महापालिकेकडे लेखी अर्ज करावा आणि गल्लीतल्या कुत्र्यांची यादी द्यावी. अर्जाची पोच घ्यावी. कचरा उघड्यावर टाकणे थांबवावे, कारण कुत्र्यांच्या टोळ्या कचऱ्यावरच जमतात. श्रीमंतांच्या सोसायटीत पशुवैद्यक घरी येतो. आपल्या वस्तीत मात्र मूल चावल्यावरच यंत्रणा जागी होते. आपल्या मुलांचा जीव तेवढ्याच मोलाचा आहे, हे मागून घ्यावे लागेल.

दरवर्षी २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. लुई पाश्चर यांचे १८९५ साली याच तारखेला निधन झाले. या वर्षी त्या दिवशी आपल्या विहारात लसीकरणाचे शिबिर मागा. पशुसंवर्धन विभागाला निदान दोन महिने आधी पत्र द्या.

आणि ज्यांची पाचही उत्तरे जमली आहेत त्यांना आमचे सांगणे असे: बाळाच्या वर्षभर आधी, एक निरोगी गावठी पिल्लू आणा. लसी पूर्ण करा, नसबंदी करा, कामे वाटून घ्या. ते बाळाबरोबर वाढेल, आणि आपल्यापेक्षा दुबळ्याशी कसे वागायचे, हे तुमचे मूल घरातच शिकेल.

जयभीम.